सायकलीचें ओझें : खानदेशांतील पॅसेंजर गाड्यांच्या इतिहासांतील एक दुर्लक्षित प्रकरण

१

लोहमार्गाचा इतिहास लिहिणारे बहुधा तीन गोष्टी लिहितात. मार्ग कोणत्या सालीं उघडला, त्यास भांडवल कोणाचें लागलें आणि त्यावरून माल किती गेला. या तिन्ही गोष्टींचीं साधनें छापील अहवालांत सांपडतात, म्हणून त्या लिहिल्या जातात. परंतु गाडींतून उतरलेला मनुष्य पुढें आपल्या गांवीं कसा पोंचला, हा प्रश्न अहवालांत नाहीं, म्हणून तो इतिहासांतही नाहीं. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाच्या एका लहानशा अंगाचा विचार आम्हीं योजिला आहे. तें अंग म्हणजे खानदेशांतील पॅसेंजर गाड्यांतून प्रवाशाबरोबर जाणारी त्याची सायकल. विषय क्षुल्लक आहे, असें कोणी म्हणेल. परंतु लष्कराच्या तोफा ओढण्यास बैल किती लागले, ही नोंद आपण जर इतिहास म्हणून आदरानें वाचतों, तर शाळामास्तर, तलाठी, गवंडी व बाजारकरी यांच्या सायकली कोणत्या डब्यांतून गेल्या, हें वाचण्यासही हरकत नसावी.

२

प्रथम देशाची रचना पाहूं. खानदेशांत लोहमार्ग आला तो मुख्यतः कापसासाठीं आला. १८५३ सालच्या एप्रिल महिन्यांत मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि पुढील दशकाच्या पूर्वार्धांत जी. आय. पी. कंपनीचे रूळ चाळीसगांव, पाचोरें, जळगांव या मार्गानें भुसावळास येऊन भिडले. नेमकीं याच वर्षांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळांत, अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असल्यामुळें इंग्लंडांतील गिरण्यांस तेथील कापूस मिळेना व हिंदुस्थानच्या कापसास विलक्षण भाव आला. रूळ व कापूस यांची गांठ खानदेशांत अशी पडली. त्यानंतर सुमारें पस्तीस वर्षांनीं शाखामार्गांचा काळ सुरू झाला. किलिक निक्सन या पेढीच्या व्यवस्थेखालील तापी व्हॅली रेल्वे सुरतेकडून नंदुरबार, दोंडाईचें व शिंदखेडें करीत १९०० च्या सुमारास अमळनेरास पोंचली. मुंबई-आग्रा सडकेवर असूनही मुख्य लोहमार्गापासून दूर पडलेल्या धुळ्यास चाळीसगांवाहून सुमारें पस्तीस मैलांची शाखा १९०० सालीं मिळाली. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पुढें १९१८-१९ च्या सुमारास पाचोऱ्याहून शेंदुर्णी व पहूर या गांवांवरून जामनेरास जाणारा अडीच फुटी अरुंद मार्ग झाला. त्याचीही लांबी सुमारें पस्तीस मैलच.

नकाशावर पाहतां हें जाळें दाट दिसतें. जमिनीवर पाहतां तसें दिसत नाहीं. रूळ टाकणारा अभियंता चढउतार, नाले व पूल यांचा हिशेब करून शक्य तितकी सरळ रेषा धरतो. गांव मात्र शतकानुशतकें पाण्याच्या आश्रयानें वसलेलें असतें. दोघांची भेट झाली तर योगायोग समजावा. यामुळें स्टेशनास ज्या गांवाचें नांव, तें गांव स्टेशनापासून कोसभर दूर असणें, ही आमच्याकडे नित्याची गोष्ट आहे. आणि ज्या गांवांच्या नांवाचें स्टेशनच नाहीं, त्यांची गोष्ट तर बोलावयास नको. एक प्रसिद्ध उदाहरण देतों. १९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन फैजपुरास झालें. फैजपुरास स्टेशन नाहीं. लोहमार्ग जवळच्या सावद्यास. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांचीही या नियमांतून सुटका नव्हती. रूळ संपल्यावर त्यांसही सडक धरावी लागली. अधिवेशन थोड्या दिवसांचें, परंतु स्टेशन व गांव यांमधील ही तूट खानदेशच्या शेतकऱ्याच्या नशिबीं बारमाही होती. ही तूट आरंभीं बैलगाडीनें किंवा पायीं भरून निघे. पुढें ती सायकलीनें भरून निघूं लागली.

३

दोन सारख्या चाकांची, साखळीनें चालणारी सायकल इंग्लंडांत १८८५ सालीं स्टार्ले यानें बाजारांत आणली, व १८८८ सालीं डनलॉप यानें हवेच्या धावेची युक्ति काढली. महाराष्ट्रांत तिचा प्रवेश लवकरच झाला. पुढें नांगर व यंत्रें यांसाठीं नांवाजलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ बेळगांवांत १८८८ च्या सुमारास सायकलींच्याच व्यापारानें झाला, हें पुष्कळांस ठाऊक असेल. दीर्घकाळपर्यंत सायकली विलायतेहून येत, बी. एस. ए., रॅले, हर्क्युलिस हीं नांवें आमच्या वडिलांच्या पिढीस ग्रामदैवतांच्या नांवांइतकीं परिचित होतीं. स्वातंत्र्यानंतर ॲटलास (१९५१), हिरो (१९५६) इत्यादि देशी कारखाने निघाले आणि सायकल मास्तर-तलाठ्यांच्या दारांतून कारागिराच्या दारांत गेली.

सायकलीनें स्टेशनाचें काय केलें, हें साध्या गणितानें कळतें. पायीं चालणारा मनुष्य तासाभरांत तीन मैल जातो. सायकलवाला कच्च्या गाडीवाटेनेंही आठ-नऊ मैल जातो. स्टेशन हा मध्य धरून वर्तुळ काढलें, तर त्रिज्या तिप्पट झाली असतां क्षेत्र नऊपट होतें. म्हणजे एका तासाच्या वाटेवर पूर्वीं जेथें पांच गांवें होतीं, तेथें आतां चाळीस-पंचेचाळीस गांवें आलीं. कंपनीनें एक रूळही नवा टाकला नाहीं, एक स्टेशनही नवें बांधलें नाहीं. तरी तिचा मुलूख नऊपट वाढला. ही वाढ प्रवाशानें स्वतःच्या खर्चानें, स्वतःच्या पायांनीं करून दिली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

परंतु गाडीच्या प्रवासास टोकें दोन असतात. गांवाकडील टोंकास सायकल असली, तरी उतरल्यावर पुढें काय? याचीं उत्तरें दोन. एक, दोन्ही टोंकांस सायकली ठेवाव्या. मुंबईचे डबेवाले हेंच करतात. डबे लोकलच्या सामानाच्या डब्यांतून जातात, सायकल स्टेशनाबाहेर उभी असते, आणि वाटपाचा मुलूख रोज तोच असल्यानें तें सोयीचें पडतें. दुसरें उत्तर, सायकल बरोबर न्यावी. ज्याचें जाण्याचें ठिकाण बदलतें त्यास, बदली झालेल्या शिक्षकास, शहरांत शिकावयास निघालेल्या विद्यार्थ्यास, गांवोगांव काम शोधणाऱ्या गवंड्यास आणि ज्यास दुसरी सायकल घेण्याची ऐपत नाहीं अशा प्रत्येकास, हें दुसरेंच उत्तर उरतें. आमचा विषय हे लोक आहेत.

४

आतां कायद्याचा प्रश्न. प्रवाशाची सायकल ही त्याचें सामान, की पार्सल, की वाहन? हा प्रश्न खानदेशांत उपस्थित होण्यापूर्वींच जगांत उपस्थित झाला होता. अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानानें १८९६ सालीं कायदा करून असें ठरविलें कीं, प्रवाशाची सायकल हें त्याचें सामान समजावें व रेल्वेनें तें मोफत न्यावें. इंग्लंडांत १८९९ सालीं ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या एका खटल्यांत न्यायालयानें याच्या उलट निर्णय दिला. सायकल हें सामान्य सामान नव्हे, सबब ती मोफत नेण्यास कंपनी बांधलेली नाहीं. आमच्याकडे धोरण इंग्लंडच्याच वळणावर गेलें. आजच्या नियमांतही दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशास पस्तीस किलोपर्यंत सामान मोफत नेतां येतें. परंतु ही सवलत सायकलीस लागू नाहीं. वीस किलोच्या आसपास वजनाची सायकल एकटी नेली, दुसरें गांठोडें हातांत नसलें, तरी तिचें भाडें निराळें भरावें लागतें. पस्तीस किलो गहूं मोफत जातील. तो गहूं ज्या सायकलीवरून स्टेशनावर आणला ती जाणार नाहीं.

या ठिकाणीं आम्हांस आमच्या जुन्या विद्येचें स्मरण होतें. पाणिनीच्या आठव्या अध्यायाच्या शेवटच्या पादांत वाहन या शब्दाविषयीं एक सूत्र आहे. समासांत पूर्वपद लादलेल्या वस्तूचें असेल, तर वाहन शब्दांतील न चा ण होतो. पूर्वपद मालकाचें असेल, तर न तसाच राहतो. ऊंस लादलेली गाडी तें इक्षुवाहण. दाक्षि नांवाच्या मनुष्याची गाडी तें दाक्षिवाहन. गाडी तीच; परंतु तिच्यावर काय आहे असें विचारलें तर एक अक्षर, आणि ती कोणाची असें विचारलें तर दुसरें. याच न्यायानें गार्डाच्या डब्यास सायकली लादल्यावर द्विचक्रवाहण म्हणावें लागेल. रेल्वेच्या वहींत सायकलीची नोंद आहे ती अशी, लादलेल्या वस्तूच्या दृष्टीनें. ती कोणाची, हा प्रश्न तेथें विचारलेलाच नाहीं. इतिहासकारास मात्र नेमका तोच प्रश्न हवा असतो.

५

हा केवळ व्याकरणाचा विनोद नव्हे, हें दाखविण्यासाठीं आमच्या संग्रहांतील एका कागदाचें वर्णन करतों. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या मागें राहिलेल्या एका जुन्या पंचांगांत सामानाची एक पावती निघाली. कागद पातळ, कार्बनाचा, चारही घड्यांवर विरलेला. तारखेचे आंकडे पुसले गेले आहेत व स्टेशनांचीं नांवें शाईच्या डागाखालीं गेलीं आहेत. एका रकान्यांत तिकिटाचा क्रमांक आहे, एकांत वजन आहे, आणि वस्तूच्या रकान्यांत इंग्रजीत 'सायकल एक' एवढेंच आहे. मालकाचें नांव नाहीं. त्यास रकानाच नाहीं.

सायकल नेण्याची रीत अशी होती. गाडीच्या आधीं अर्धा तास सामानाच्या खिडकीवर जावें. सायकल कांट्यावर चढवावी. पावती घ्यावी. पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीनें दांडीला बांधून त्यावर उतरण्याचें स्टेशन लिहावें. मग गाडी येतांच फलाटाच्या ज्या टोंकास ब्रेकव्हान थांबेल तेथपर्यंत सायकल घेऊन धांवावें व गार्डाच्या स्वाधीन करावी. लहान स्टेशनावर गाडी एक-दोन मिनिटें थांबे. तेवढ्यांत आपण आपल्या डब्यांत परत पोंचावें, व उतरतांना पुन्हां तसेंच उलट धांवावें. जेथें सामान घेण्याची सोयच नाहीं अशा थांब्यांवरून सायकल नियमानें चढवितांच येत नसे. पाचोऱ्यास रुंद मार्गावरून अरुंद मार्गावर जावयाचें तर सायकल एका ब्रेकव्हानांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावी लागे. रुळांची रुंदी बदले, म्हणून ओझें वाहणाराही बदले.

वडिलांच्या पावतीची हकीकत आम्हांस ठाऊक आहे, कारण तीं दोन दिवसांत घरांत जें घडलें तें आमच्या बालपणीं, १९६५ च्या पुढेंमागें, आम्हीं पाहिलें. त्यांची बदली नव्या शाळेवर झाली होती. गांव शाखामार्गावरील एका स्टेशनापासून अडीच कोस. सायकल नियमानें नोंदविली. परंतु मध्यें गाडी बदलतांना ती मागेंच राहिली. कोणत्या स्टेशनावर व कोणाच्या हातून, हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. मनुष्याकडून चूक होते. पहिल्या दिवशीं वडील शाळेवर पायीं गेले व तासभर उशिरा पोंचले. त्या दिवसाची बिनपगारी रजा मांडली गेली. दुसऱ्या दिवशीं ते पुन्हां पायीं स्टेशनावर आले. सायकल आली होती. पुढचें चाक वांकलें होतें आणि पुठ्ठा गळून पडला होता. ही सायकल तुमची कशावरून, असें विचारण्यांत आलें. तेव्हां त्यांनीं ही पावती पुढें केली. सायकल मिळाली. वांकलेल्या चाकाविषयीं वडिलांनीं कोठेंही अर्ज केला नाहीं. पावती मात्र त्यांनीं जन्मभर पंचांगांत जपली. तिचा उपयोग संपला होता, हें त्यांस कळत नव्हतें असें नाहीं. परंतु ज्या व्यवस्थेंत वस्तु तुमची आहे हें तुमच्या शब्दावरून सिद्ध होत नाहीं, तेथें कागद टाकूं नये, एवढा बोध त्यांनीं घेतला होता. इतिहाससंशोधनाचा पहिला धडा आम्हांस त्याच पंचांगापाशीं मिळाला.

६

एका बाजूचेंच लिहिलें असें होऊं नये, म्हणून हेंही नमूद करतों कीं, नियम व व्यवहार यांत अंतर पुष्कळ होतें. ओळखीचा गार्ड पावतीवांचून सायकल आंत घेई. गाडी रिकामी असली तर दाराजवळच्या जागेंत सायकल उभी करून तिची दांडी धरून लोक बसत. दुधाच्या किटल्या व क्वचित् सायकलीही खिडकीच्या गजांस बाहेरून अडकविलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. हें धोक्याचें होतें व नियमाविरुद्धही होतें. सिग्नलाच्या खांबाशीं किंवा फलाटाच्या कडेशीं अशी सायकल घासली तर जीव जाण्याचा प्रसंग. तथापि नियमानें सोय नाकारली कीं गरज गैरसोयीची वाट काढते, याचें तें उदाहरण आहे.

तसेंच, ही चाल मंदावण्यास केवळ रेल्वेचे नियम कारण झाले असेंही म्हणतां येणार नाहीं. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली, आणि पुढील कांहीं दशकांत तिनें खानदेशांतील पुष्कळशी गांवें थेट सडकेस जोडलीं. एस. टी.च्या टपावर सायकल चढवितां येई, आणि गाडी पुष्कळदां गांवाच्या वेशीशींच उभी राही. त्यानंतर मोटारसायकल आली व अडीच कोसांचें अंतर अंतरच राहिलें नाहीं. २०२० सालच्या मार्चांत साथीमुळें देशांतील प्रवासी गाड्या थांबल्या. पुढें बहुतेक मार्गांवरच्या सुरू झाल्या. पाचोरें-जामनेरची लहान गाडी मात्र पुन्हां आली नाहीं. धुळ्याच्या शाखेवर आतां विजेची मेमू धांवते. ती वेगवान व स्वच्छ आहे, याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु सामानासाठीं निराळी जागा असलेला जुन्या गाडीसारखा गार्डाचा डबा तिला नाहीं. ज्या डब्यांत सायकल उभी राहत असे, तो डबाच गेला. त्याच २०२० सालच्या जून महिन्यांत ॲटलासच्या शेवटच्या कारखान्याचें काम थांबल्याची वार्ता आली. दोन्ही गोष्टींचा परस्परांशीं कार्यकारणसंबंध नाहीं. परंतु एक काळ संपल्याच्या दोन खुणा म्हणून त्या शेजारीं ठेवण्यास हरकत नाहीं.

मात्र सायकल संपली, असा याचा अर्थ कोणी घेऊं नये. शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींस, बांधकामावरील मजुरास, पहाटे वर्तमानपत्रें टाकणाऱ्या पोरास ती आजही लागते. कमी झाली ती सायकल व आगगाडी यांची जोडी. या जोडीनें गरीब मनुष्यास पन्नास मैलांच्या टापूंत, कोणावर अवलंबून न राहतां, दारापासून दारापर्यंत जाण्याचें साधन दिलें होतें. आज त्यास मोटारसायकल तरी घ्यावी लागते, नाहींतर स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याशीं भाव तरी करावा लागतो.

७

शेवटीं साधनांविषयीं. या विषयाचीं साधनें तीन ठिकाणीं आहेत. पहिलें रेल्वेचें; परंतु सामानाच्या पावत्यांच्या स्थळप्रती हिशेब तपासून झाला कीं रद्दी होतात, त्यामुळें तेथें मोठी आशा नाहीं. दुसरें नगरपालिकांचें. पूर्वीं नगरपालिका सायकलीवर कर घेत व कर भरल्याचा धातूचा बिल्ला देत. या कराच्या नोंदवह्यांत, रेल्वेच्या पावतींत नसलेली गोष्ट, म्हणजे मालकाचें नांव, मिळावयास हवी. जळगांव, धुळें, अमळनेर, चाळीसगांव, भुसावळ येथील अशा वह्या जेथें उरल्या असतील तेथें त्या पाहिल्या पाहिजेत. तिसरें साधन घरोघरचें. जुनें पंचांग, पेटीचा तळ, भाड्यानें सायकली देणाऱ्या दुकानाची खतावणी, आणि निवृत्त गार्ड व सामान-कारकून यांची स्मृति. हें तिसरें साधन सर्वांत समृद्ध आहे व सर्वांत वेगानें नाहींसें होत आहे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरून व कोनाड्यांतून दप्तरें मिळविलीं. धुळ्यांतच १९२६ सालच्या अखेरच्या दिवशीं त्यांचा देह पडला, व त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथेंच उभें राहिलें. त्यांनीं मिळविलेलीं पत्रें ज्या काळीं लिहिलीं गेलीं, त्या काळीं तींही नित्याचे व्यवहाराचे कागदच होते. घोड्यांच्या चंदीचा हिशेब लिहिणाऱ्या कारकुनास आपण इतिहास लिहीत आहों, असें वाटलें नसेल. सामानाच्या खिडकीवर 'सायकल एक' असें लिहिणाऱ्या कारकुनासही तें वाटलें नाहीं. फरक इतकाच कीं, चंदीचा कागद कोणीतरी जपला, आणि हा कागद आपण अद्याप रद्दींत टाकीत आहों.

खानदेशांतील वाचकांस आमची विनंति आहे कीं, ज्यांच्या घरीं अशी पावती, बिल्ला किंवा वही असेल, त्यांनीं ती टाकूं नये. तिच्या पाठीवर पेन्सिलीनें दोन ओळी लिहाव्या. सायकल कोणाची होती, आणि ती घेऊन तो कोठें निघाला होता. कंपनीनें जो रकाना ठेवला नाहीं, तो आपणच भरावयाचा आहे. आमच्या पावतीच्या पाठीवर आम्हीं वडिलांचें नांव लिहून ठेविलें आहे.